आभासी यंत्रांचें यजमानांतर

१. प्रयोजन

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं अस्थानीं वाटण्याचा संभव आहे. जेथें मोडी कागद, ताम्रपट, शकावल्या आणि करीने यांची चर्चा व्हावयाची, तेथें संगणकाच्या पोटांतील एका यंत्राची चर्चा कशाला, असें कोणीहि विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ संस्थांनीं आपल्या दफ्तरांच्या ज्या याद्या केल्या, त्या कागदावर नसून संगणकांत आहेत. कागदास कसर लागते, वाळवी लागते; या याद्यांसहि त्यांची स्वतंत्र अशी वाळवी आहे, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. आमच्या मंडळाच्या दफ्तराची रुमालवार सूची या वाळवीच्या तोंडून थोडक्यांत वांचली. ती कशी अडकली व कशी सुटली हें समजून घेतांना ज्या विद्येचा आम्हांस परिचय करून घ्यावा लागला, तिचें विवेचन करणें हा या लेखाचा हेतु आहे. आम्ही या विषयांतले तज्ज्ञ नव्हों. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु पोथीची नक्कल कशी करावी व ती मुळाशीं कशी ताडून पाहावी हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या विद्येचीं तत्त्वें समजण्यास फारशी अडचण पडत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

आमची सूची ज्या काळीं सुरू झाली त्या काळीं संगणकावर देवनागरी लिहिण्याची एकच सर्वमान्य रीत नव्हती. भारतीय मानक संस्थेचें 'इस्की' हें मानक १९९१ सालचें. युनिकोडाची पहिली आवृत्तीहि त्याच वर्षीं निघाली व तींत देवनागरीस स्थान मिळालें. तथापि व्यवहारांत त्यापुढेंहि कित्येक वर्षें ज्याचा टंक त्याचा संकेत, अशीच स्थिति राहिली. एका टंकांत 'रुमाल' म्हणून दिसणारा शब्द दुसऱ्या टंकांत इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोळा होऊन बसे. त्यामुळें अशा सूचीचा केवळ मजकूर जपून भागत नाहीं. ती ज्या टंकांत आहे तो टंक, ज्या कार्यक्रमांत आहे तो कार्यक्रम आणि तो कार्यक्रम ज्या प्रणालीवर चालतो ती प्रणाली, हीं सर्व एकत्र जपावीं लागतात. थोडक्यांत, सबंध संगणकच जपावा लागतो. परंतु लोखंडाचा संगणक दहा-पंधरा वर्षांपलीकडे टिकविणें दुर्घट. या पेंचांतून सुटण्याचा जो मार्ग, त्याचें नांव आभासी यंत्र, अर्थात् व्हर्च्युअल मशीन.

२. आभासी यंत्राचें स्वरूप

संगणकावर चालणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीनें संगणक म्हणजे काय? आज्ञा पाळणारा एक प्रोसेसर, कांहीं स्मृति, एक डिस्क, जाळ्याशीं जोडणारें एक कार्ड, एक घड्याळ, एक पडदा व कळफलक. प्रणाली या वस्तूंशीं ठराविक रीतीनें बोलते व ठराविक उत्तराची अपेक्षा करते. आतां जर दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमानें या सर्व वस्तूंचें सोंग घेतलें आणि प्रत्येक प्रश्नास खऱ्या वस्तूनें दिलें असतें तेंच उत्तर दिलें, तर आंतील प्रणालीस फरक कळण्याचें कारण नाहीं. हें सोंग घेणारा जो कार्यक्रम त्यास हायपरवायझर म्हणतात. ज्या खऱ्या संगणकावर तो चालतो त्यास आपण यजमान म्हणूं, व आंत चालणाऱ्या प्रणालीस अतिथि म्हणूं.

वेदान्त्यांस येथें घटाकाशाचा दृष्टान्त सहज आठवेल. आकाश एकच, घटाच्या योगानें तें घटाकाश व मठाच्या योगानें मठाकाश म्हणून व्यवहारास येतें. त्याचप्रमाणें एकाच यजमानाच्या ठायीं चार-सहा आभासी यंत्रें नांदूं शकतात व प्रत्येक आपणांस स्वतंत्र समजतें. मात्र दृष्टान्त ताणूं नये. येथें घटाकाश जितकें वाढवावें तितकी यजमानाची स्मृति खर्ची पडते.

'हायपरवायझर' या शब्दाचें मराठी करण्याचा मोह आम्हीं आवरला आहे. परंतु त्याची घडण सांगण्याजोगी आहे. जुन्या संगणकांत प्रणालीच्या गाभ्यास 'सुपरवायझर', म्हणजे पर्यवेक्षक म्हणत. त्या पर्यवेक्षकावरहि देखरेख करणारा तो 'हायपरवायझर'. लॅटिन 'सुपर', ग्रीक 'हुपेर' व संस्कृत 'उपरि' हे तिन्ही एकाच कुळांतले शब्द होत. सबब या नांवाचा अर्थ 'वरच्याच्याहि वरचा' इतकाच.

३. पूर्वेतिहास

ही कल्पना अलीकडची आहे असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत केंब्रिज येथें आयबीएम कंपनीचें एक शास्त्रीय केंद्र होतें. तेथें रॉबर्ट क्रीसी यांच्या नेतृत्वाखालीं 'सीपी-४०' नांवाची व्यवस्था तयार झाली व जानेवारी १९६७ मध्यें ती नित्य वापरांत आली. एक मोठा संगणक अनेकांस वाटून द्यावयाचा होता. तेव्हां प्रत्येकास त्याचा तुकडा देण्याऐवजीं प्रत्येकास सबंध संगणकाचाच आभास द्यावा, ही त्या मंडळींची युक्ति. तिचेंच पुढील रूप 'सीपी-६७', आणि २ ऑगस्ट १९७२ रोजीं कंपनीनें 'व्हीएम/३७०' या नांवानें ती रीतसर जाहीर केली.

या व्यवहारास शास्त्राचें रूप दिलें तें जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं १९७४ सालीं. त्यांनीं तीन लक्षणें सांगितलीं. पहिलें, आभासी यंत्रावरील कार्यक्रमाचें वर्तन खऱ्या यंत्रावरील वर्तनासारखेंच असावें. दुसरें, बहुतेक आज्ञा मध्यस्थावांचून थेट प्रोसेसरानेंच पाळाव्या, म्हणजे वेग राहील. तिसरें, यंत्रसामग्रीवरील ताबा सदैव हायपरवायझराकडे असावा. हीं लक्षणें साधण्यासाठीं प्रोसेसर कसा असावा याचाहि त्यांनीं निर्णय केला. यंत्राच्या मर्मास हात घालणारी प्रत्येक आज्ञा अतिथीनें दिली असतां ती अडवितां आली पाहिजे, हें त्याचें सार.

पुढें घरोघरीं व कचेऱ्यांत जे संगणक आले त्यांचा प्रोसेसर इंटेलच्या घराण्यांतला होता, व तो या कसोटीस उतरत नव्हता. त्यांत अशा सतरा आज्ञा आहेत कीं त्या अडविल्या जात नाहींत, असें २००० सालीं एका अभ्यासांत दाखविण्यांत आलें. तरीहि १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ मध्यें यावर तोड काढलेलें आपलें पहिलें उत्पादन विकावयास आणलें. अडचणीच्या आज्ञा चालत्या कामांतच बदलून त्यांच्या जागीं निरुपद्रवी आज्ञा घालावयाच्या, ही ती तोड. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाच्या मंडळींनीं 'झेन' नांवाचा हायपरवायझर केला व २००३ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांनीं उलट मार्ग धरिला. अतिथि प्रणालीच थोडी दुरुस्त करावी, म्हणजे आपण पाहुणे आहों हें तिला ठाऊक राहील व ती अडचणीच्या आज्ञा देणारच नाहीं. अखेर प्रोसेसर करणाऱ्यांनींच उणीव भरून काढली. इंटेलनें २००५ व एएमडीनें २००६ सालीं या कामाची सोय प्रोसेसरांत घातली. त्या सोयीच्या आधारें झालेला 'केव्हीएम' हा हायपरवायझर फेब्रुवारी २००७ मध्यें लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचाच भाग झाला. मायक्रोसॉफ्टचा 'हायपर-व्ही' २००८ सालीं आला. 'व्हर्च्युअलबॉक्स' हा घरगुती उपयोगाचा हायपरवायझर २००७ पासून लोकांस मिळूं लागला.

४. हायपरवायझरांतील भेद कोठें आहे

आतां मुख्य प्रश्न. आभासी यंत्र जर खऱ्या यंत्रासारखेंच वागतें, तर एका हायपरवायझराखालचें यंत्र उचलून दुसऱ्याखालीं ठेवितांच तें चालूं कां लागत नाहीं?

वरील पहिलें लक्षण नीट वाचलें असतां उत्तर त्यांतच सांपडतें. आभासी यंत्र एका खऱ्या यंत्रासारखें असावें, एवढेंच तें लक्षण सांगतें. सर्व हायपरवायझरांनीं एकाच यंत्राचें सोंग घ्यावें असें तें सांगत नाहीं. प्रोसेसराच्या आज्ञा सर्वत्र जवळजवळ सारख्याच असतात, कारण खरा प्रोसेसरच त्या पाळतो. परंतु डिस्क कोणत्या कंट्रोलरास जोडलेली आहे, जाळ्याचें कार्ड कोणत्या बनावटीचें आहे, पडदा कोणत्या जातीचा, प्रारंभीं यंत्र जागें करणारा कार्यक्रम जुना 'बायॉस' कीं नवा 'यूईएफआय', या सर्व गोष्टी ज्याचा तो हायपरवायझर ठरवितो. म्हणून यजमान बदलणें म्हणजे अतिथीच्या दृष्टीनें एका रात्रींत घरांतील सर्व सामान बदलणें होय. घर तेंच, भिंती त्याच. परंतु दाराची कडी दुसऱ्या बाजूस.

या भेदाचें निराकरण करण्याचा एक स्तुत्य यत्न 'व्हर्टआयओ' नांवाच्या योजनेंत दिसतो. रस्टी रसेल यांनीं २००८ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. खऱ्या कंट्रोलराची नक्कल करीत बसण्यापेक्षां, आभासी यंत्रांकरितांच एक साधें, सर्वांस समान असें साधन ठरवावें, असा तिचा आशय. काम वेगानें होतें; परंतु अतिथीजवळ त्या साधनाचा ड्रायव्हर असावा लागतो. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत तो आधींच असतो. विंडोजमध्यें तो बाहेरून घालावा लागतो. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिच्याशीं आमची गांठ पडावयाची आहे.

दुसरा भेद सांठवणीचा. आभासी यंत्राची सबंध डिस्क यजमानाच्या दृष्टीनें एक मोठी फाइल असते. तिची मांडणी प्रत्येक घराण्यांत निराळी: व्हीएमवेअरची 'व्हीएमडीके', व्हर्च्युअलबॉक्सची 'व्हीडीआय', मायक्रोसॉफ्टची पूर्वींची 'व्हीएचडी' व २०१२ पासूनची 'व्हीएचडीएक्स', केव्हीएमच्या सोबत्याची, म्हणजे 'क्यूएमू'ची 'क्यूकाऊ२'. मजकूर तोच, लिपि निराळी, असा हा प्रकार. हें लिप्यंतर 'क्यूएमू-आयएमजी' नांवाचा एक लहानसा फुकट मिळणारा कार्यक्रम उत्तम करितो. यंत्राच्या वर्णनाकरितां 'ओव्हीएफ' नांवाचें एक समाईक मानकहि २००९ सालीं सिद्ध झालें व २०११ मध्यें त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. परंतु तें डिस्क किती, स्मृति किती, एवढें वर्णन करितें. अतिथीच्या पोटांतील ड्रायव्हर बदलणें त्याच्या कक्षेंत येत नाहीं. पत्रिका जुळली म्हणजे संसार सुखाचा होतोच असें नाहीं.

५. चालतें स्थलांतर व थांबवून केलेलें स्थलांतर

एकाच जातीच्या दोन यजमानांमध्यें चालतें आभासी यंत्र न थांबवितां हलवितां येतें. यंत्र चालूं असतांच त्याची स्मृति पानापानानें दुसरीकडे पाठवावयाची. तेवढ्यांत जीं पानें बदललीं तीं पुन्हां पाठवावयाचीं. असें करीत शेष अगदीं अल्प राहिला म्हणजे क्षणभर यंत्र थांबवून तो शेष पाठवावयाचा व दुसरीकडे यंत्र सुरू करावयाचें. २००५ सालच्या एका प्रबंधांत झेनच्या मंडळींनीं लोक खेळत असलेला एक खेळ या रीतीनें हलवून दाखविला. खंड पडला तो अवघा ६० मिलिसेकंदांचा. खेळणाऱ्यांस तो जाणवण्याजोगा नव्हता.

परंतु दोन भिन्न हायपरवायझरांमध्यें ही सोय सामान्यतः होत नाहीं. स्मृतीचीं पानें पाठवितां येतील. पण त्या क्षणीं आभासी कंट्रोलर, कार्ड व घड्याळ कोणत्या अवस्थेंत होतीं ही नोंद प्रत्येक हायपरवायझर आपल्या परिभाषेंत ठेवितो, व दुसऱ्याकडे तें साधनच नसतें. एकाच हायपरवायझराखालीं देखील इंटेलच्या यजमानावरून एएमडीच्या यजमानावर चालतें यंत्र हलविणें धोक्याचें समजतात. म्हणून भिन्न घराण्यांमधील स्थलांतर करावयाचें तें यंत्र रीतसर बंद करून. निजवून ठेवलेलें यंत्र चालत नाहीं. पूर्ण बंद केलेलें पाहिजे. नाहीं तर जागें होतांच तें जुन्या घरचें सामान शोधूं लागतें.

हा विषय अलीकडे अनेकांच्या चर्चेंत आला त्यास एक कारण घडलें. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉम कंपनीनें व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढील महिन्यांत नवे कायमचे परवाने विकणें बंद करून मुदतीच्या वर्गणीची पद्धति सुरू केली. त्यामुळें लहानमोठ्या पुष्कळ संस्था आपलीं यंत्रें दुसऱ्या हायपरवायझराकडे न्यावीं कीं काय या विचारास लागल्या. आमचें कारण याहून साधें होतें. तें आतां सांगतों.

६. आमच्या सूचीचें प्रकरण

आमच्या मंडळाची सूची विंडोज एक्सपी या प्रणालीवर चाले. जुना संगणक मोडकळीस आला तेव्हां, २०१२ सालीं, आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें सुटींत येऊन त्याची सबंध डिस्क एका आभासी यंत्रांत उतरविली. त्या यंत्रांत आमचे एक सहकारी रोज सकाळीं येऊन नोंदी करीत. प्रत्येक रुमाल सोडावा, कागद उलगडावा, तारीख लावावी, दोन ओळींत सार लिहावें, असा त्यांचा क्रम शेवटच्या आजारापर्यंत चालला. ते गेल्यावर त्या रुमालांपैकीं कांहीं इतके जीर्ण झाले कीं ते पुन्हां उलगडणें शक्य राहिलें नाहीं. त्या कागदांविषयीं जें कांहीं ज्ञान शिल्लक आहे तें त्या दोन ओळींत आहे.

पुढें यजमान संगणकाची डिस्क आवाज करूं लागली. नवा संगणक घेतला. त्यावरील हायपरवायझर निराळा होता. दोहोंचीं नांवें येथें देण्याचें प्रयोजन नाहीं, कारण जें घडलें त्यांत दोष आमच्या घाईचा होता.

आम्हीं जुन्या यंत्राच्या डिस्कची फाइल नव्या संगणकावर नेली, तिचें लिप्यंतर केलें व यंत्र सुरू केलें. निळा पडदा आला व त्यावर '७बी' हा संकेतांक. याचा अर्थ, प्रणालीस आपली स्वतःचीच डिस्क सांपडत नाहीं. प्रथम हें चमत्कारिक वाटलें. डिस्क नाहीं तर प्रणाली इतकी तरी सुरू झाली कशी? उलगडा असा कीं, आरंभींचे कांहीं भाग बायॉस वाचून देतो. पुढें प्रणाली स्वतःच्या ड्रायव्हरानें डिस्क वाचूं लागते. नव्या यजमानानें डिस्क व्हर्टआयओच्या मार्गानें पुढें केली होती, व २०१२ पूर्वींच्या त्या प्रणालीजवळ तो ड्रायव्हर नव्हता. ज्या क्षणीं कारभार बायॉसाकडून प्रणालीकडे गेला, त्याच क्षणीं डिस्क तिच्या दृष्टीनें नाहींशी झाली. नव्या हायपरवायझरास 'ही डिस्क जुन्या आयडीई पद्धतीची आहे असें सांग' अशी आज्ञा देतांच यंत्र जागें झालें. वेग पाहिजे असल्यास यापुढें एक लहानशी दुसरी डिस्क व्हर्टआयओच्या मार्गानें जोडावी, तिच्या निमित्तानें ड्रायव्हर घालून घ्यावा, आणि मग मुख्य डिस्क त्या मार्गावर न्यावी. आम्हांस वेगाचा लोभ नव्हता. आम्हीं आहे तेथेंच थांबलों.

सूची उघडली. देवनागरी नीट दिसली. फाइलीच्या दोन्ही प्रतींची अंकमुद्रा काढून ताडली; ती तंतोतंत जुळली. अंकमुद्रा म्हणजे फाइलींतील सर्व मजकुरावरून गणितानें काढलेली एक संख्या. एक अक्षर बदललें तरी ती बदलते. आमच्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. जुने लेखक पोथीच्या शेवटीं ग्रंथसंख्या लिहीत, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मानानें सबंध पोथीचें माप देत, तें नक्कल अपुरी राहिली कीं काय हें कळावें म्हणूनच. ही अंकमुद्रा म्हणजे त्या ग्रंथसंख्येची फार कडक अशी नात होय. ती जुळली म्हणून आम्ही निश्चिंत झालों.

चार दिवसांनीं एका अभ्यासकानें एका पत्राची चौकशी केली. तें पत्र आमच्या सहकाऱ्यांनीं शेवटच्या वर्षीं सूचींत घातल्याचें आम्हांस पक्कें स्मरत होतें. सूचींत तें मिळेना. त्या रुमालांतलें दुसरें पत्र पाहिलें, तेंहि नाहीं. मग तारखेच्या क्रमानें सूची लावली, तेव्हां दिसलें कीं २०१६ च्या एका दिवशीं ती तुटली आहे. त्यापुढील एकहि नोंद नाहीं. सहकाऱ्यांच्या हयातीचीं शेवटलीं वर्षें त्यांतून गळून गेलीं होतीं.

कारण समजलें तें असें. हायपरवायझरांत 'स्नॅपशॉट' नांवाची एक सोय असते. एखादा प्रयोग करण्यापूर्वीं यंत्राची तत्कालीन अवस्था गोठवून ठेवितां येते. प्रयोग फसल्यास मागें जातां येतें. परंतु ही सोय साधते कशी? त्या क्षणापासून मूळ डिस्कच्या फाइलींत एकहि अक्षर लिहिलें जात नाहीं. नवे सर्व फेरफार एका निराळ्या पुरवणी फाइलींत जातात, आणि वाचतांना हायपरवायझर दोन्ही मिळून वाचतो. २०१६ सालीं कोणीतरी असा स्नॅपशॉट घेतला होता व तो मिटविण्याचें राहून गेलें. आम्हीं नेली ती मूळ फाइल. पुरवणी जुन्या संगणकावरच राहिली. अंकमुद्रा खोटी नव्हती. तिनें एवढेंच सांगितलें कीं नक्कल आदर्शप्रतीशीं जुळते. आदर्शप्रतच अपुरी आहे, हें ती सांगूं शकत नव्हती. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा आम्ही वर्गांत कित्येक वर्षें शिकविला, आणि आपल्या घरीं विसरलों.

सुदैवानें जुना संगणक भंगारवाल्याकडे गेला नव्हता. तो आणखी एकदां सुरू केला, पुरवणी फाइलीची आधीं वेगळी नक्कल करून ठेविली, मग त्याच हायपरवायझरांत स्नॅपशॉट मिटवून पुरवणी मुळांत विलीन केली, आणि यंत्र बंद करून सबंध डिस्क पुन्हां नेली. या खेपेस आम्हीं अंकमुद्रेवर थांबलों नाहीं. आमचे सहकारी एका हातवहींत रोज किती नोंदी झाल्या त्याचा आंकडा लिहून ठेवीत. ती वही काढून रुमालवार बेरजा ताडल्या. त्या जुळल्या तेव्हांच काम संपलें असें म्हटलें. दोन आठवड्यांनीं जुन्या डिस्कनें कायमचा राम म्हटला.

एक लहानसा दोष मात्र पुढें आढळला. सकाळीं अकरा वाजतां केलेली नोंद पहाटे साडेपांचची म्हणून पडे. विंडोज प्रणाली यंत्राचें घड्याळ स्थानिक वेळेचें समजते. नवा यजमान तें सार्वत्रिक वेळेचें म्हणून देत होता. दोहोंत साडेपांच तासांचें अंतर. यजमानास एका ओळीची सूचना देतांच तें मिटलें.

७. कार्याचा क्रम

इतर संस्थांस उपयोग व्हावा म्हणून, आमच्या चुकांवरून बसविलेला क्रम खालीं देतों.

(अ) प्रथम अतिथि यंत्रांत काय आहे याची मोजदाद यंत्राबाहेर, कागदावर करावी: नोंदी किती, पहिली कोणती, शेवटची कोणती.

(आ) स्नॅपशॉट आहेत काय तें पाहावें. असल्यास त्यांची नक्कल ठेवून ते मुळांत विलीन करावे.

(इ) जुन्या हायपरवायझरानें अतिथीच्या पोटांत घातलेलीं साहाय्यक साधनें जुन्या घरींच काढून टाकावीं. नव्या घरीं तीं पुष्कळदां निघत नाहींत. नव्या घरीं लागणारे ड्रायव्हर शक्य तर आधींच घालावे. लिनक्स व विंडोज यांच्या कित्येक आवृत्त्यांकरितां हें काम 'व्हर्ट-व्हीटूव्ही' नांवाचा कार्यक्रम आपण होऊन करितो.

(ई) यंत्र बायॉसानें जागें होतें कीं यूईएफआयनें, हें टिपून घ्यावें व नव्या घरीं तेंच ठेवावें. हें चुकलें तर डिस्क निर्दोष असूनहि यंत्र सुरू होत नाहीं. डिस्क कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेली असल्यास तिची किल्ली आधीं कागदावर उतरून घ्यावी.

(उ) जाळ्याच्या कार्डाचा क्रमांक जुनाच द्यावा; कांहीं परवाने त्यावर बांधलेले असतात. लिनक्समध्यें कार्डाचें नांव बदलून जोडणी तुटण्याचा संभव असतो, तो ध्यानांत ठेवावा.

(ऊ) यंत्र पूर्ण बंद करून डिस्क न्यावी, अंकमुद्रा ताडावी, लिप्यंतर करावें. पहिल्या खेपेस जाळ्यास न जोडतां सुरू करावें. दोन जुळीं यंत्रें एकाच वेळीं जाळ्यावर आल्यास गोंधळ होतो. एक्सपीसारख्या प्रणालीस तर जाळ्यास जोडूंच नये. तिची निगा करणाऱ्यांनींच ती ८ एप्रिल २०१४ रोजीं सोडून दिली आहे.

(ए) शेवटीं कागदावरील मोजदादीशीं मेळ घालावा. आणि तो बसल्यावरहि कांहीं महिने जुनी प्रत नष्ट करूं नये.

या शेवटच्या कलमाविषयीं एक परंपरागत कथा आठवते. श्रीशंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केला तेव्हां त्यांचा मूळ देह शिष्य गुहेंत राखीत बसले होते, असें चरित्रकार सांगतात. कथेचा ऐतिहासिक निर्णय कांहींहि असो. परकायाप्रवेश करणाऱ्यानें मूळ काया राखण्याची व्यवस्था आधीं करावी, हा तींतील व्यवहार बिनचूक आहे.

८. उपसंहार

आभासी यंत्र हें औषध आहे, अमृत नव्हे. तें जुन्या संगणकाचें मरण पुढें ढकलतें. परंतु हायपरवायझरहि जुने होतात, मालक बदलतात, मांडण्या बदलतात, आणि दर दहा-बारा वर्षांनीं हें यजमानांतर पुन्हां करावें लागतें. आपल्या पोथ्या आजवर टिकल्या त्याहि एका भूर्जपत्रावर वा एका कागदावर नव्हेत. दर पिढींत कोणी तरी बसून नक्कल केली म्हणून टिकल्या. खरा उपाय एकच, कीं सूचीचा मजकूर त्या जुन्या टंकांतून सोडवून युनिकोडांत आणावा, म्हणजे तो वाचण्यास सबंध संगणकाची सोबत लागणार नाहीं. तें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. टंकाचा संकेत उलगडणें हें मोडी लागण्यासारखेंच चिकाटीचें काम असून, जोडाक्षरांपाशीं यंत्राचें रूपांतर वारंवार चुकतें. म्हणून प्रत्येक रुमालाचें रूपांतर माणसानें वाचून पाहावें लागतें. तोंपर्यंत तें जुनें यंत्र नव्या यजमानाच्या घरीं पाहुणचार घेत आहे.

ज्या संस्थांजवळ त्या काळच्या अशा सूची आहेत, त्यांनीं आपला यजमान संगणक आवाज करूं लागण्यापूर्वींच एकदां मोजदाद करून ठेवावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.